आधी मॅनेज्ड पोस्टग्रेस, मग स्वतः चालवलेले : १४ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

आमची चार जणांची टीम वेळ-आरक्षणाचे एक ॲप्लिकेशन चालवते आणि त्यामागचा पोस्टग्रेस डेटाबेस साधारण १८० जीबीचा आहे. पहिले नऊ महिने तो एका क्लाउड कंपनीच्या मॅनेज्ड सेवेत, म्हणजे डेटाबेस बसवण्या-सांभाळण्याचे काम कंपनीच पाहते अशा सेवेत, होता. गेले पाच महिने आम्ही त्याच कंपनीकडून साध्या व्हर्च्युअल मशीन (मोठ्या सर्व्हरचे आभासी तुकडे) भाड्याने घेऊन त्यांवर तो स्वतः बसवून चालवत आहोत. सॉफ्टवेअर तेच, डेटा सेंटरही तेच. किल्ल्या मात्र आता आमच्याकडे आहेत. ओपन सोर्स, म्हणजे सोर्स कोड सर्वांसाठी खुला असलेले, सॉफ्टवेअर क्लाउडमार्फत घेतल्यावर त्यातली किती मोकळीक प्रत्यक्षात आपल्या वाट्याला येते, याचा अंदाज या दोन वापरांच्या तुलनेतून मला प्रथमच नीट आला.

भाड्याने घेतलेले मशीन सुरू होताना कर्नलच्या (ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याच्या) लॉगमध्ये एक ओळ उमटते : ‘हायपरव्हायजर डिटेक्टेड : केव्हीएम’. हायपरव्हायजर म्हणजे एका यंत्रावर अनेक व्हर्च्युअल मशीन चालवणारा थर. २००७ मध्ये लिनक्स कर्नलमध्ये सामील झालेला केव्हीएम हा ओपन सोर्स घटक आज क्लाउडमधल्या असंख्य मशीनच्या खाली आहे. ॲमेझॉनने २००६ मध्ये भाड्याने मशीन देणारी ईसी२ ही सेवा आणली तेव्हा त्याखाली झेन हा दुसरा ओपन सोर्स हायपरव्हायजर होता. म्हणजे आपण पोस्टग्रेस निवडो वा न निवडो, क्लाउडचे बिल भरणारे बहुतेक जण ओपन सोर्सवरच उभे असतात; फक्त बिलात ती ओळ कुठे दिसत नाही.

मॅनेज्ड सेवेचे कौतुक आधी करतो, कारण ते खरे आहे. डेटाबेस उभा करायला दहा मिनिटे लागली. मागच्या आठवड्यातल्या कोणत्याही क्षणापर्यंत परत जाण्याची सोय आपोआप मिळाली. सहाव्या महिन्यात एका रात्री आमचा मुख्य डेटाबेस ज्या हार्डवेअरवर होता ते बंद पडले, स्टँडबायने (सतत तयार ठेवलेल्या जोडप्रतीने) सुमारे दीड मिनिटात ताबा घेतला आणि आम्हाला ही गोष्ट सकाळी ईमेल वाचल्यावर कळली. तेव्हा आम्ही ते फारसे मनावर घेतले नव्हते. नंतर हेच काम स्वतः करू लागल्यावर त्या दीड मिनिटामागे किती तयारी असते ते समजले.

त्रास चौथ्या महिन्यात झाला. पोस्टग्रेसच्या मेजर आवृत्तीचे अपग्रेड करण्यासाठी कन्सोलमध्ये एक बटण होते. ते दाबले, वीस मिनिटांत अपग्रेड झाले आणि सगळे हिरवे दिसू लागले. दुसऱ्या दिवशी सकाळी मोकळ्या वेळा शोधणारी जी क्वेरी (डेटाबेसला विचारलेला प्रश्न) एरवी ४० मिलिसेकंदांत होत असे, तिला नऊ सेकंद लागू लागले. आम्ही सपोर्टकडे तिकीट टाकले आणि वाट पाहत बसण्याऐवजी पोस्टग्रेसचे स्वतःचे दस्तऐवज उघडले. तिथे स्पष्ट लिहिले होते की पीजी-अपग्रेड हे साधन जुन्या आवृत्तीतली आकडेवारी, म्हणजे कोणत्या रकान्यात कोणती मूल्ये साधारण किती आहेत याची नोंद, नव्या आवृत्तीत नेत नाही. (२०२५ मध्ये आलेल्या १८ व्या आवृत्तीने ही उणीव बरीचशी भरून काढली आहे.) ही नोंद कोरी असली की क्वेरी प्लॅनर, म्हणजे शोधाचा मार्ग ठरवणारा भाग, अंधारात चाचपडतो आणि इंडेक्स (झटपट शोधासाठीची सूची) असूनही पूर्ण टेबल वाचत सुटतो. ‘ॲनालाइझ’ ही एका शब्दाची आज्ञा चालवली आणि काही मिनिटांत क्वेरी पूर्ववत झाली. सपोर्टचे उत्तर दोन दिवसांनी आले; त्यात मशीनचा आकार वाढवून पाहावा असे सुचवले होते.

या प्रसंगाने मला जे दिसले ते असे, की यंत्र त्यांच्या ताब्यात असले तरी यंत्राचे ज्ञान सर्वांसाठी खुले होते, आणि तेच आमच्या कामी आले. बंदिस्त डेटाबेस असता तर त्या मोठ्या मशीनचे बिल आम्ही कदाचित निमूटपणे भरत राहिलो असतो. पण ज्ञान खुले असून भागत नाही, असेही प्रसंग आले. मॅनेज्ड सेवेत खरा सुपरयूजर, म्हणजे सर्व अधिकार असलेले खाते, मिळत नाही. त्याच्या जवळपास जाणारी एक भूमिका मिळते. सर्व्हरच्या फाइल सिस्टीमला हात लावता येत नाही, त्यामुळे कंपनीच्या यादीत नसलेले सी भाषेतले एक्स्टेन्शन (पोस्टग्रेसला जोडायचा पूरक भाग), त्याचा सोर्स समोर उघडा असला तरी, बसवता येत नाही. आम्हाला हवे असलेले एक्स्टेन्शन त्या यादीत नव्हते. रोजचा स्नॅपशॉट (डेटाबेसची त्या क्षणीची प्रत) त्यांच्याच भांडारात, त्यांच्याच स्वरूपात राहतो. तो उतरवून घेऊन दुसऱ्या मशीनवरच्या पोस्टग्रेससमोर ठेवावा म्हटले तर ते जमत नाही. कोण कोणत्या डेटाबेसला जोडू शकेल याचे नियम, इशारे, आलेख, हे सगळे त्या कंपनीच्या स्वतःच्या बोलीत लिहिलेले असते. पोस्टग्रेस मोकळेच राहते, पण त्याच्याभोवतीचे कुंपण आपण नकळत रोज थोडे थोडे उभारत जातो.

स्थलांतराची परवानगी कोणाकडे मागावी लागली नाही, हे ओपन सोर्स परवान्याचे थेट फळ. लॉजिकल रेप्लिकेशनने, म्हणजे एका डेटाबेसमधले बदल दुसऱ्याकडे सतत पाठवत राहून, डेटा नव्या मशीनवर वाहता ठेवायचा आणि एका ठरल्या रात्री ॲप्लिकेशनचा पत्ता बदलायचा, अशी योजना होती. सराव म्हणून आधी एक तात्पुरते मशीन जोडले, दोन दिवस पाहिले आणि ते मशीन पुसून टाकले. चूक तिथेच झाली. मशीन गेले, पण मूळ डेटाबेसवरचा त्याचा रेप्लिकेशन स्लॉट तसाच राहिला. स्लॉट म्हणजे पोस्टग्रेसने दिलेले वचन असते : पलीकडचा वाचक परत येईपर्यंत बदलांची नोंदवही फाडणार नाही. वाचक कायमचा गेलेला असल्याने नोंदवही साचत गेली, आणि डिस्क भरत आली की आपोआप वाढवण्याची सोय आम्हीच मोठ्या हौसेने चालू केलेली असल्याने कोणताही इशारा न येता डिस्क दुपटीहून मोठी झाली. सोळाव्या दिवशी बिलाचा अंदाज पाहून आमच्या सहकाऱ्याने विचारले, हे काय आहे? स्लॉटची यादी मागवली, त्यात तो निष्क्रिय स्लॉट सापडला, काढून टाकला आणि जागा लगेच मोकळी झाली. डिस्क मात्र परत लहान करता येत नव्हती; त्या सेवेत ती फक्त वाढू शकते. स्लॉट विसरण्याची चूक पूर्णपणे आमची होती. पण स्वतःच्या मशीनवर ती डिस्क भरल्याच्या इशाऱ्याने दोन दिवसांत उघडी पडली असती, आणि इथे ती सोयीच्या मखमलीखाली झाकली गेली.

प्रत्यक्ष बदलाच्या रात्री आणखी एक ठेच लागली. आमच्या आवृत्तीत लॉजिकल रेप्लिकेशन सीक्वेन्सचे (नव्या नोंदींना क्रमांक देणाऱ्या मोजणीचे) चालू आकडे पलीकडे नेत नाही, त्यामुळे पहिल्याच नव्या आरक्षणाला ‘हा क्रमांक आधीच आहे’ अशी त्रुटी आली. पाच मिनिटांत दुरुस्त झाले. हेही दस्तऐवजांत लिहिलेले होते. आम्ही वाचले नव्हते.

स्वतः चालवण्याच्या पाच महिन्यांबद्दल. स्टँडबायला ताबा देण्यासाठी पॅट्रोनी, बॅकअपसाठी पीजीबॅकरेस्ट, आलेखांसाठी प्रोमिथियस आणि ग्राफाना, अशी सगळी ओपन सोर्स साधने जोडली आहेत. मशीन आणि डिस्कचे बिल जवळपास निम्मे झाले. मात्र महिन्याला दोन दिवस एका माणसाचे या कामात जातात आणि ते धरले तर बचत जवळजवळ उरत नाही. सर्वांत बारीक धडा ऑपरेटिंग सिस्टीमने दिला. स्टँडबाय आम्ही लिनक्सच्या नव्या आवृत्तीवर उभा केला होता. त्याला जोडताच कोलेशनची (मजकुराच्या अनुक्रमाच्या नियमांची) आवृत्ती जुळत नसल्याचा इशारा आला. मजकुराचा अनुक्रम पोस्टग्रेस बऱ्याचदा ग्लिबसी या लिनक्सच्या मूळ लायब्ररीला विचारते, आणि २०१८ मध्ये ग्लिबसीच्या २.२८ या आवृत्तीत तो अनुक्रम मोठ्या प्रमाणावर बदलला होता. जुन्या अनुक्रमाने रचलेल्या इंडेक्समध्ये नव्या अनुक्रमाने शोधले, तर समोर असलेली ओळही ‘नाही’ म्हणून परत येऊ शकते. आमच्या दोन आवृत्त्यांत असा फरक होता की नाही हे तपासत बसण्यापेक्षा आम्ही तो स्टँडबाय मोडून दोन्हीकडे एकच आवृत्ती केली. मॅनेज्ड सेवेत अशा गोष्टींची काळजी दुसरे कोणीतरी वाहत होते, एवढे तिच्या बाजूने नोंदवले पाहिजे.

कुबरनेटीसवर (अनेक मशीनवर सॉफ्टवेअर आपोआप चालवणाऱ्या प्रणालीवर) हा सगळा पसारा नेण्याचा प्रयोग तीन आठवडे केला आणि सोडला. चार जणांच्या टीमसाठी ते नाकापेक्षा मोती जड होते.

परवान्यांच्या भांडणाची झळ आम्हाला कॅशमध्ये (वारंवार लागणारा डेटा झटपट मिळावा म्हणून ठेवतात तिथे) बसली. त्यासाठी आम्ही रेडिस वापरत होतो. मार्च २०२४ मध्ये रेडिसने आपला फारशा अटी नसलेला बीएसडी परवाना सोडून क्लाउड विक्रेत्यांना अडवणारे परवाने स्वीकारले. त्याच महिन्यात लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली व्हॅलकी हा फोर्क (त्याच कोडवरून वेगळा काढलेला प्रकल्प) निघाला. मे २०२५ मध्ये रेडिसने एजीपीएल या ओपन सोर्स परवान्याचा पर्यायही दिला. याआधी मोंगोडीबीने २०१८ मध्ये, इलॅस्टिकने २०२१ मध्ये आणि टेराफॉर्म या साधनाबाबत हाशीकॉर्पने २०२३ मध्ये असेच पाऊल उचलले होते. मूळ दुखणे असे आहे की जीपीएलच्या (बदललेला कोडही खुला ठेवायला लावणाऱ्या परवान्याच्या) अटी सॉफ्टवेअर दुसऱ्याला ‘देताना’ लागू होतात, आणि नेटवर्कवरून सेवा पुरवणे म्हणजे सॉफ्टवेअर देणे नव्हे. ही फट बुजवण्यासाठी २००७ मध्ये एजीपीएलची तिसरी आवृत्ती आली. बीएसडीसारखे परवाने तर ही अटही घालत नाहीत. त्यामुळे एकाने लिहायचे आणि दुसऱ्याने सेवा म्हणून विकायचे, यावर मूळ कंपन्यांची तक्रार ‘आयत्या बिळावर नागोबा’ अशी असते, आणि तिच्यात तथ्य आहे. पण रेडिसपुरते बोलायचे तर ती अर्धीच बाजू आहे, कारण २०२० नंतर प्रकल्पाच्या मुख्य चमूत ॲमेझॉन आणि अलीबाबा यांचे अभियंतेही होते. बीळ खणायला नागोबाही आला होता.

आमच्यापुरता परिणाम लहान निघाला. आम्ही रेडिसच्या ७.२ या आवृत्तीवर थांबलेलो होतो, व्हॅलकी तिथूनच फुटलेले असल्याने कंटेनर इमेजचे (सॉफ्टवेअरच्या तयार पुडक्याचे) नाव बदलले, जुनी डेटा फाइल त्याने वाचली आणि ॲप्लिकेशनला फरक कळलाही नाही. पण तेव्हापासून कोणतेही ओपन सोर्स साधन निवडताना मी परवान्याच्या नावाआधी कॉपीराइट कोणाकडे एकवटला आहे ते पाहतो. पोस्टग्रेसचा कॉपीराइट एका कंपनीच्या हातात नाही. उद्या सकाळी कोणा संचालक मंडळाने ठरवले म्हणून त्याचा परवाना बदलणार नाही.

आता शिफारस. ज्या टीममध्ये रात्री उठून डेटाबेस पाहील असा एकही माणूस नाही, तिने मॅनेज्ड सेवाच घ्यावी, आणि त्याबद्दल मनात अपराधी वाटून घेऊ नये. आम्ही बाहेर पडलो ते त्या एका एक्स्टेन्शनसाठी. ते नसते तर कदाचित तिथेच राहिलो असतो. मात्र सेवा कोणतीही असो, पहिल्याच महिन्यात पीजी-डंप या पोस्टग्रेसच्या साधनाने पूर्ण प्रत काढून ती त्या कंपनीशी संबंध नसलेल्या मशीनवर उभी करून पाहावी. सोडून जाण्याचा हक्क परवान्यात लिहिलेला असतो, पण तो कधी वापरूनच पाहिला नाही तर गरजेच्या दिवशी त्याची अवस्था तहान लागल्यावर विहीर खणण्यासारखी होते. खर्चाचाही विचार ठेवावा : २०२४ च्या जानेवारीत गुगलने आणि मार्चमध्ये ॲमेझॉनने, सेवा सोडून जाणाऱ्यांना डेटा बाहेर नेण्याचे शुल्क माफ केले, पण ही माफी निरोप घेणाऱ्यांसाठी आहे, दर महिन्याला बाहेर जाणाऱ्या प्रतीचे शुल्क एरवीसारखेच लागते.

आम्ही ही रंगीत तालीम महिन्याच्या पहिल्या शनिवारी करतो. पहिल्या वेळी साडेचार तास लागले, कारण पासवर्डची फाइल कोणाकडे आहे हेच सापडत नव्हते. गेल्या शनिवारी एक तास दहा मिनिटे लागली, आणि त्यातली वीस मिनिटे एक इंडेक्स बांधून होण्याची वाट पाहण्यात गेली.