टस्कनीतलं घर बुक केलं, आणि गेटवर पाटी निघाली

ओळखीतले बरेच जण यंदा ख्रिसमसच्या सुट्टीत इटलीतली डोंगरावरची गावं करायचं ठरवतायत, सिएना, पिएन्झा, ओर्व्हिएतो वगैरे, आणि प्रत्येकाला हॉटेल नको, छान जुनं दगडी घरच हवंय, म्हणून हे जरा सविस्तर लिहितेय. २०२४ च्या डिसेंबरात असल्याच एका घराच्या नावाने आमचे १,४२० युरो गेले. आकडा आधीच सांगून टाकते कारण ऐकणारा पहिलं तेच विचारतो. तेव्हाच्या भावाने सव्वा लाख रुपये धरा.

आम्ही म्युनिकला राहतो. सासू-सासरे कऱ्हाडहून आले होते, जानेवारीत त्यांचा व्हिसा संपणार, नवऱ्याचं ऑफिस ख्रिसमस ते नवीन वर्ष बंद, म्हणजे जायचं तर तेव्हाच. आई कडक शाकाहारी, रोज बाहेरचं त्यांना चालत नाही, त्यामुळे किचन पाहिजे. बाबांचे गुडघे दुखतात आणि ही सगळी गावं म्हणजे नुसता चढ, तर घर गावाच्या खालच्या बाजूला, दारात गाडी लागेल असं पाहिजे. आता गंमत अशी आहे की हिवाळ्यात तिथे गर्दी नसते हे खरं, पण शेतावरची घरं, ज्यांना तिकडे अग्रितुरिस्मो म्हणतात, त्यातली खूपशी थंडीत बंदच असतात, जानेवारी-फेब्रुवारीत तर कितीतरी मालक कुलूप लावून मोकळे होतात. जी थोडी उघडी असतात ती ख्रिसमसच्या आठवड्याला आधीच भरलेली. मग नोव्हेंबरच्या शेवटी शोधत बसलं की तीन-चार घरं उरतात आणि त्यात एक हमखास 'अरे वा' वाटणारं असतं. आमचं मोंतेपुल्चानोच्या खाली होतं, सान ब्याजोचं ते मोठं देऊळवजा चर्च आहे ना, त्याच बाजूला. फायरप्लेस, लाकडी तुळया, खिडकीतून सरूची झाडं, आठवड्याचे १,१८० युरो. फार स्वस्त पण नाही हं, तिथेच तर मेख आहे. फुकटात मिळतंय असं असतं तर नवरा वाचता वाचताच उठला असता.

जाहिरात एका नावाजलेल्या साईटवर होती. तिथून मेसेज केला तर उत्तर आलं की कॅलेंडर नीट अपडेट होत नाहीये, व्हॉट्सॲपवर बोलूया. तिथून पुढे ज्या बाईंशी आम्ही बोलत होतो त्या इतक्या गोड की विचारू नका. बाबांच्या गुडघ्याचं ऐकून म्हणाल्या खालची बेडरूम त्यांना देते, पायऱ्या नकोत. आई शाकाहारी आहेत म्हटल्यावर, मग त्यांच्यासाठी पिएन्झाचं पेकोरिनो चीज आणून ठेवते. (पेकोरिनोत बहुतेक वेळा कोकराच्या किंवा वासराच्या पोटातलं रेनेट, म्हणजे दूध गोठवायचं द्रव्य, असतं हे त्यांना कोण सांगणार, आम्ही आपले थँक्यू म्हणालो.)

आणि मग एकेक मागणी येत गेली. मला सगळ्यांना हेच सांगायचंय की त्यातली एकही मागणी इटलीत वावगी नाही. बुकिंगसाठी ३० टक्के कापार्रा, म्हणजे आपला बयाणा, बँक ट्रान्सफरने. तिथले खरेखुरे छोटे मालक अस्साच मागतात, कार्डाचं मशीन प्रत्येकाकडे नसतं. मग चौघांच्या पासपोर्टच्या कॉप्या, पोलिसांत नोंद करायला. तेही खरं, इटलीत पाहुण्यांची माहिती २४ तासांच्या आत पोलिसांच्या पोर्टलवर टाकावी लागते, घर असो की हॉटेल. मग उरलेलं भाडं, कारण ख्रिसमसचा आठवडा आहे. आणि निघायच्या चार दिवस आधी हीटिंगचे २४० युरो, बाहेर टाकीतला गॅस भरून घ्यायचाय म्हणून. हेसुद्धा खरं असतं हो! टस्कनीतल्या शेतघरांत थंडीत हीटिंगचं बिल भाड्याच्या वर वेगळं लागतं, मैत्रिणीने तर कधीतरी याच्याहून जास्त भरलेत. वर बाईंनी लिहिलं होतं की टुरिस्ट टॅक्स मात्र आत्ता पाठवू नका, तो आल्यावर रोख द्या. पैसे नको म्हणणाऱ्या माणसावर कोण संशय घेणार.

ब्रेनरच्या घाटातून, मध्ये व्हेरोनाला मुक्काम करून, २३ तारखेला साडेचारला तिथे पोचलो. डिसेंबरात तिकडे पावणेपाचच्या आत सूर्य मावळतो, त्यामुळे गाडीचे दिवे लावूनच आत वळलो. घर तेच होतं. फोटोतलंच घर, तीच कमान, तोच दगडी जिना. गेटला प्लास्टिकमध्ये लॅमिनेट केलेला एक कागद तारेने बांधलेला, वर इटालियनमध्ये आणि खाली इंग्रजीत, की हे घर भाड्याने दिलं जात नाही, तुम्ही इंटरनेटवर पैसे भरले असतील तर पोलिसांकडे जा. लॅमिनेट केलेला, म्हणजे बघा. पावसात भिजून आधीचा खराब झाला असणार म्हणून हा केला असणार.

आतून एक म्हातारे गृहस्थ आले, त्यांना आमच्याकडे बघूनच कळलं. चिडले वगैरे नाहीत, उलट आई-बाबांना आत बसवलं, पाणी दिलं. मोडक्यातोडक्या बोलण्यातून कळलं ते असं की दोनेक वर्षांपूर्वी घर विकायला काढलं होतं, तेव्हा एजंटने काढलेले फोटो कुणीतरी उचलले. बाबा सारखे मला विचारत होते, "अगं पण मग त्या बाई कोण?" आणि मी फोन लावतेय तर नंबर बंद, व्हॉट्सॲपवरचा फोटो गायब.

राहायचं कुठे हा पहिला प्रश्न. कियांचानो तेर्मे म्हणून गरम पाण्याच्या झऱ्यांचं गाव अगदी जवळ आहे, तिथे हॉटेलांची रांग आहे पण थंडीत त्यातली बरीच बंद असतात. एक उघडं मिळालं. त्या रात्री आईंनी हॉटेलच्या खोलीत इलेक्ट्रिक किटलीत गरम पाणी करून गाडीतल्या डब्यातला उपमा भिजवला, एवढंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी काराबिनिएरींच्या, म्हणजे तिथल्या पोलिसांच्या, ठाण्यात गेलो. २४ तारीख, वाटलं कोण भेटणार, पण त्यांनी तक्रार लिहून घेतली, देनुन्चा म्हणतात त्याला, आणि शिक्क्याची कॉपी दिली. ही कॉपी घेतल्याशिवाय गाव सोडू नका, बँक पहिली तीच मागते. तिथल्या साहेबांनी आमचं भाडेकराराचं पीडीएफ प्रिंट करून समोर ठेवलं आणि पेन घेऊन तीन ठिकाणी गोल केले. आम्ही ते पीडीएफ किती वेळा बघितलं होतं, सही, शिक्का, सगळं नीटनेटकं.

पहिला गोल मालकीणबाईंच्या कोदिचे फिस्कालेला. हा इटलीतल्या प्रत्येक माणसाचा टॅक्सचा १६ अक्षर-आकड्यांचा कोड, आपल्या पॅनसारखा, पण त्यात माणसाची जन्मतारीख दडलेली असते. सुरुवातीला आडनावाची-नावाची सहा अक्षरं, मग वर्षाचे दोन आकडे, मग महिन्याचं एक अक्षर आणि त्याच्यापुढे दोन आकडे तारखेचे. बाईमाणूस असेल तर तारखेत ४० मिळवतात, म्हणजे १२ तारखेला जन्मलेल्या बाईच्या कोडात ५२ दिसायला पाहिजे. आमच्या कागदावर १२ च होते. साहेब म्हणाले, ही बाई नाही, हा पुरुष आहे. कुणाचा तरी चोरलेला कोड चिकटवलेला.

दुसरा गोल जाहिरातीतल्या सीआयएन नंबरला. हा तेव्हा नवाच होता, १ जानेवारी २०२५ पासून सक्तीचा झाला. पर्यटकांना भाड्याने द्यायच्या प्रत्येक घराला, रूमला हा राष्ट्रीय नंबर लागतो, तो जाहिरातीत टाकावा लागतो आणि दाराबाहेरही लावावा लागतो. सुरुवात आयटी या अक्षरांनी आणि लगेच जिल्ह्याचे आणि गावाचे आकडे. मोंतेपुल्चानो सिएना जिल्ह्यात, तिथला नंबर ०५२ ने सुरू होतो. पेरुज्याकडचा, म्हणजे असिसी, गुब्बिओ हे सगळं, ०५४. आमच्या घराचा होता ०५८०९१. ते रोम शहर! रोममधल्या कुठल्यातरी फ्लॅटचा नंबर उचलून टाकला होता. त्यामुळे नंबर आहे एवढ्यावर जाऊ नका, पहिले सहा आकडे त्या गावाचेच आहेत का ते बघा. त्याच भागातल्या एखाद्या चांगल्या हॉटेलच्या साईटवर खाली त्यांचा नंबर असतो, त्याच्याशी ताडून बघितलं तरी कळतं.

तिसरा गोल बँकेच्या आयबॅनला, म्हणजे खात्याच्या नंबरला. इटलीतला आयबॅन आयटीने सुरू होतो आणि २७ अक्षरांचा असतो, आमचा एलटीने सुरू होत होता, म्हणजे लिथुआनिया. बाईंनी तेव्हा सांगितलं होतं की मुलीचं ऑनलाईन बँकेतलं खातं आहे. आता एलटी म्हणजे चोरच असं अजिबात नाही, युरोपात कितीतरी साध्या लोकांची अशी खाती आहेत, माझ्या ऑफिसातच दोघांची आहेत. पण टस्कनीतलं घर, इटालियन मालक, वर खातं तिसऱ्याच देशात आणि तिसऱ्याच माणसाच्या नावावर, हे सगळं एकत्र आलं तर एक सेंटही पाठवू नका.

ट्रान्सफर इन्स्टंट केली होती, ती १० सेकंदांत पोचते आणि तितक्याच लवकर पुढे जाते. आमच्या बँकेने परत मागवायची विनंती पाठवली, काही आठवड्यांनी उत्तर आलं की समोरच्या खात्यात पैसे नाहीत. जर्मन पोलिसांकडेही ऑनलाईन तक्रार केली, त्यांचं पत्र आलं की आरोपी सापडला नाही म्हणून केस थांबवतोय. साईटवाल्यांनी जाहिरात काढून टाकली आणि कळवलं की व्यवहार आमच्या बाहेर झाला, आमची जबाबदारी नाही. नियमाने त्यांचं बरोबर असेल, पण साईटच्या आत पहिल्याच मेसेजला 'बाहेर बोलूया' असं उत्तर जातं ते त्यांना दिसत नसेल यावर माझा विश्वास नाही. एक बरं झालंय, ९ ऑक्टोबर २०२५ पासून युरोवाल्या देशांत ट्रान्सफर करताना खात्यावरचं नाव आणि तुम्ही टाकलेलं नाव जुळतंय का हे बँकेला दाखवावं लागतं. तिथे लाल खूण आली आणि समोरून 'काही नाही, मुलीचं खातं आहे' असं आलं, की संपलं. भारतातून बाहेर पैसे पाठवताना ही सोय धरून चालू नका. आणि भारतात कुणाचे पैसे असे गेले तर १९३० या सायबर हेल्पलाईनला लगेच फोन करा, उद्या नाही, त्याच तासात, आणि सायबरक्राईमच्या सरकारी पोर्टलवर नोंदवा.

पैशापेक्षा जास्त त्रास मला पासपोर्टांचा झाला. चार पासपोर्टच्या स्वच्छ कॉप्या त्या लोकांकडे आहेत. काराबिनिएरी म्हणाले की पुढच्या गिऱ्हाईकाला 'मी खरी आहे, हा माझा पासपोर्ट' म्हणून तुमचाच दाखवतील, आम्हाला आलेला ओळखपत्राचा फोटोही असाच कुणाचातरी असणार. म्हणून तक्रारीत पासपोर्ट नंबर आवर्जून लिहून घेतले. पोलिसांच्या नोंदीसाठी मालक तुमचा पासपोर्ट आल्यावर समोर बघू शकतो, महिनाभर आधी साधी कॉपी कुणालाही देऊ नका, द्यावीच लागली तर त्यावर आडवं मोठ्ठं लिहा, कशासाठी, कुणाला आणि तारीख.

बाकी ट्रिप झाली. ओर्व्हिएतोला स्टेशनवरून वर जायला फ्युनिक्युलर, म्हणजे चढावर केबलने ओढली जाणारी छोटी गाडी, आहे त्यामुळे बाबा आरामात वर गेले, सेंट पॅट्रिकच्या विहिरीच्या २४८ पायऱ्यांना मात्र वरूनच नमस्कार. गुब्बिओला डोंगराच्या उतारावर दिव्यांचं अख्खं ख्रिसमस ट्री करतात, १९८१ पासून, ते लांबूनच दिसतं. एक लक्षात ठेवा, २५ ला बस जवळपास नसतातच आणि २६ लाही सुट्टी असते, गाडी नसेल तर ते दोन दिवस एकाच गावात काढा. राहायला सगळीकडे रिसेप्शन असलेली हॉटेलं घेतली, फोन लावायचा तो गावाच्या टुरिस्ट ऑफिसकडून नंबर घेऊन, जाहिरातीतल्या नंबरवर नाही. घरच हवं असेल तरी असंच करा. त्या गावच्या ऑफिसला ईमेल टाका की हे घर तुमच्या गावात भाड्याने आहे का, खूप ठिकाणी उत्तर देतात, इंग्रजीतही.

फेब्रुवारीत अजून एक झालं. एका 'फंड रिकव्हरी एक्स्पर्ट'चा मेसेज आला, आमचे पैसे लिथुआनियात अडकलेत, सोडवून देतो, आधी १५० युरो फी. त्याला रक्कम बरोब्बर माहीत होती, १,४२०, सेंटसकट. साईट, बँक आणि पोलीस सोडले तर हा आकडा ज्यांनी तो घेतला त्यांनाच माहीत होता, आणि पोलीस फी मागत नाहीत. नवऱ्याने स्क्रीनशॉट काढून आधीच्याच केस नंबरला जोडून पाठवले आणि नंबर ब्लॉक केला.