पाण्याच्या नळ्या आणि केकवरची हिरवी पानं: आठ महिने वापरल्यावर

तुळशीच्या लग्नानंतर पन्नास नळ्या मागवल्या होत्या. आता आषाढी झाली, लग्नं थांबली, म्हणून लिहायला सवड मिळाली. ज्यांनी पाहिल्या नसतील त्यांच्यासाठी सांगते. बोटाएवढी प्लॅस्टिकची नळी असते, तिला भोक असलेलं रबरी टोपण. आत पाणी भरायचं, देठ टोपणातून आत सरकवायचा आणि नळी केकमध्ये रोवायची. मी कोल्हापुरात, राजारामपुरीत घरूनच केक करते. हल्ली रिसेप्शनच्या केकवर साखरेची फुलं कुणालाच नको असतात, खरी हिरवी डहाळी हवी असते.

नळ्या चांगल्या आहेत, पण ज्या कामासाठी मी घेतल्या त्या कामाच्या नाहीत.

माझी समजूत अशी की पान नळीत खोचलं म्हणजे चार-पाच तासांची चिंता मिटली. मार्चमधल्या एका लग्नाला आंब्याची तांबूस कोवळी पालवी लावली, प्रत्येक देठाला नळी. तासाभरात सगळी पालवी मान टाकून बसली, आणि नळीत पाणी होतंच! कोवळ्या पानावर मेणाचा थर नीट धरलेला नसतो. देठ जेवढं पाणी ओढतो त्याहून जास्त पान हवेत सोडतं, मग खाली नळी असली काय नि नसली काय. त्याच झाडाची जून, गडद पानं मात्र रात्री अकरापर्यंत ताठ होती, तीही नळीशिवाय. आंब्याचा चीक तेवढा पुसून घ्यावा, कातडीला चावतो.

खरं काम आदल्या रात्री होतं. पानं आणली की देठ पाण्यात बुडवूनच तिरका कापते, म्हणजे आत हवेचा बुडबुडा अडकत नाही. पाण्याखाली येणारी पानं काढून टाकते, नाहीतर सकाळी पाणी गढूळ होतं आणि तोच गाळ देठात अडकतो. बादली मोरीत, अंधारात, रात्रभर. पिकायला घातलेल्या आंब्यांपासून लांब, कारण पिकणाऱ्या फळांतून जो वायू निघतो त्याने पानं पिवळी पडून गळतात. आमच्याकडे मे महिन्यात घरभर आढी असते, त्यामुळे हे जमवायला कसरत. फ्रिजचा मोह टाळा. एका अंडं नसलेल्या केकसाठी तुळस हवी होती, ती रात्रभर फ्रिजमध्ये ठेवली. सकाळी काळी ठिक्कर!

आता नळ्यांची तक्रार. एप्रिलमध्ये तीन मजली पांढरा फोंडंटचा, म्हणजे लाटलेल्या साखरेच्या आवरणाचा केक रंकाळ्याकडे न्यायचा होता. मधल्या मजल्याला बाजूने तिरक्या नळ्या लावल्या, काठोकाठ भरून. टोपणाचं भोक मोठं आणि देठ बारीक, त्यात गतिरोधक. पोचेपर्यंत पांढऱ्या फोंडंटवरून वितभर लांब चकचकीत ओघळ उतरला होता. पाण्याने साखर विरघळते आणि मागे चर राहतो, तो पुसून जात नाही. नवरदेवाची मावशी वाकून बघत म्हणाली, "अगं, केकला घाम फुटलाय की गं!" मी हसत हसत तिथे रस्कसची, म्हणजे फुलवाल्याकडच्या त्या जाड हिरव्या पानांची, डहाळी आडवी लावली.

तेव्हापासून नळी फक्त वरच्या मजल्यावर, उभी, आणि पाऊणच भरलेली. पाणी सिरिंजने टोपणातूनच घालते. बाजूला लावायचं पान स्ट्रॉमध्ये जातं आणि स्ट्रॉचं खालचं टोक पांढऱ्या कंपाउंड चॉकलेटमध्ये बुडवून बंद. देठ केकला थेट लागू द्यायचा नाही. बाजारातली पानं खाण्यासाठी वाढवलेली नसतात, त्यावर काय फवारलंय आपल्याला काय माहीत.

पानांचं म्हणाल तर रस्कसला नळी लावणं म्हणजे पैसे वाया घालवणं, ते पाण्याविना आरामात दिवसभर टिकतं. साँग ऑफ इंडियाचंही, म्हणजे पिवळ्या काठाच्या लांबट पानांच्या शोभेच्या झाडाचंही, तसंच. निलगिरी टिकते, पण शेंड्याची कोवळी दोन-तीन पानं खुडावीच लागतात, आणि तिच्यावरची पांढुरकी राख बोटाने पुसली गेली की डाग दिसतो. तिचं तेल पोटात जाणं धोक्याचं, म्हणून केक कापण्याआधी डहाळ्या काढायला मी वाढप्याला बजावून येते. शतावरीच्या जातीची ती पिसांसारखी फर्न दिसते झकास, पण क्रीमवर हिरवा भुगा सांडते. विड्याचं पान मला सगळ्यांत आवडतं, खाल्लं तरी हरकत नाही. पण नवऱ्या मुली म्हणतात, पानाच्या ठेल्यासारखं वाटतं.

एका नवरीच्या बहिणीने अंगणातली कण्हेर तोडून आणली होती. लांबट पानं, फोटोतल्या ऑलिव्हसारखी. मी सरळ नाही म्हटलं, कण्हेर सगळीच विषारी. मनीप्लांटलाही नकारच देते, त्यातल्या सुईसारख्या स्फटिकांनी तोंड चुरचुरतं. ती रागावली. रागावू दे.

नळ्यांना पर्याय म्हणून ग्लिसरिनही करून पाहिलं. एक भाग ग्लिसरिन, दोन भाग गरम पाणी, त्यात निलगिरी आठवडाभर. पानं मऊ, तपकिरी झाकेची झाली आणि फेब्रुवारीत सुंदर दिसली. जूनमध्ये पाऊस लागला आणि तीच पानं चिकट पाणी सोडायला लागली. कोल्हापूरच्या पावसात हे चालणार नाही, केकजवळ तर नाहीच.

पन्नासपैकी एकतीस नळ्या उरल्यात. बाकीच्यांची टोपणं सैल झाली, काही हॉलवरच राहिल्या. प्रत्येक वापरानंतर बाटलीच्या बारीक ब्रशने घासून, उन्हात उपड्या वाळवाव्या लागतात, नाहीतर आत बुळबुळीत थर धरतो. जिप्सोफिला, गुलाब असली फुलं वर लावायची असतील तर घ्या. नुसत्या पानांसाठी दहा पुरेत.

उरलेल्यांवर सध्या सासूबाईंचा डोळा आहे. त्यांना गौरीच्या तेरड्याला लावायच्यात. तेरड्याचा देठ त्या टोपणात मावायचा नाही, हे मी दोनदा सांगून झालंय.