कथा ‘मी’ने सांगावी की ‘तो-ती’ने?

पात्रं ठरली, प्रसंग सुचला, आणि पहिल्याच वाक्याशी गाडी अडली: सांगणार कोण?

‘मी’चा मोह पडतो, कारण वाचक लगेच विश्वास टाकतो. पण ‘मी’ महागात पडतो तो भाषेत. माणदेशातला मेंढपाळ गोष्ट सांगत असेल, तर वर्णनही त्याच्याच बोलीत हवं. संवाद गावरान आणि मधला मजकूर प्रमाण मराठीत, ही सोय तृतीयपुरुषात, म्हणजे ‘तो-ती’ने सांगण्यात. ‘बनगरवाडी’त (१९५५) व्यंकटेश माडगूळकरांनी निवेदक केला तो गावात नव्याने आलेला तरुण मास्तर. गाव त्याला हळूहळू उलगडतं तसं आपल्यालाही, आणि मास्तरच असल्यामुळे त्याची शुद्ध भाषा खटकत नाही.

दुसरी अडचण मरणाची. ‘मृत्युंजय’मध्ये (१९६७) कर्ण स्वतः बोलतो, पण त्याचा अंत त्याच्या तोंडून कसा येणार? शिवाजी सावंतांनी तिथे कृष्णाला बोलतं केलं. त्या कादंबरीला सहा निवेदक आहेत. पंधरा पानांच्या कथेत एवढा संसार थाटू नये. दोन ‘मी’ घेतले तरी बहुतेकांचे आवाज सारखेच निघतात.

तृतीयपुरुषाचे दोन प्रकार, सगळ्यांच्या मनातलं जाणणारा सर्वज्ञ आणि एकाच पात्राच्या नजरेने बघणारा मर्यादित, सर्रास गल्लत करून वापरले जातात. एकच प्रसंग तीन तऱ्हांनी बघा.

मी: ‘सासूबाईंनी एक घास घेतला आणि वाटी बाजूला सारली. मी ओट्याकडे तोंड करून उभी राहिले.’

सर्वज्ञ: ‘सासूने वाटी बाजूला सारली. तिची दाढ ठणकत होती. सुमनला वाटलं, भाजी बिघडली.’

मर्यादित: ‘सासूबाईंनी वाटी बाजूला सारली. मीठच जास्त झालं असणार. निदान चाखून तरी बघायची!’

शेवटच्यात ‘सुमनला वाटलं’ म्हणावंच लागलं नाही. ‘सासूबाईंनी’ या आदरार्थी रूपातूनच कळतं की आपण सुनेच्या नजरेने बघतोय. अशा कथेत तिसऱ्या पानावर ‘सासू म्हणाली’ आलं की नजर हलली. नवोदितांच्या कथांत ही चूक इतकी दिसते की संपादकही कंटाळत असतील. दाढेची गंमत मात्र सर्वज्ञालाच करता येते. तीन पिढ्या किंवा अख्खं गाव मांडायचं असेल तर त्याला पर्याय नाही. छोट्या कथेत तो उगाच ढवळाढवळ करतो.

पहिलीवहिली कथा असेल तर मी मर्यादित तृतीयपुरुषच सुचवेन. ‘मी’ घ्यायचा तो सांगणारा काही लपवत असेल, स्वतःचीच समजूत घालत असेल, किंवा त्याच्या बोलण्याची ढबच कथेचा जीव असेल तेव्हा. तरीही ठरत नसेल तर पहिलं पान लिहून काढा आणि ‘मी’च्या जागी पात्राचं नाव घाला. क्रियापदांपलीकडे काहीच बदलावं लागलं नाही, तर त्या कथेला ‘मी’ची गरज नव्हती.