डिस्कच्या प्रतींसाठी प्लस की मायनस? काही महिन्यांच्या वापरानंतरचे मत

घरगुती चित्रीकरणाच्या आणि जुन्या कामाच्या फायली असलेल्या डीव्हीडींच्या दुसऱ्या प्रती करण्यासाठी कोणती कोरी डिस्क घ्यावी, हे ठरवण्याकरिता मी गेले काही महिने डीव्हीडी-आर (मायनस), डीव्हीडी+आर (प्लस), त्यांचे दुहेरी थराचे, म्हणजे डीएल प्रकार, पुसून पुन्हा लिहिता येणाऱ्या आरडब्ल्यू आणि डीव्हीडी-रॅम हे सर्व प्रकार आलटूनपालटून वापरले. एकेरी थराच्या डिस्कमध्ये प्लस आणि मायनस यांतला फरक बहुतेकांना वाटतो त्यापेक्षा कमी आहे, पण दुहेरी थराच्या डिस्कमध्ये तो निर्णायक ठरतो, असे माझे मत झाले आहे.

पायोनियरने १९९७ मध्ये आणलेली डीव्हीडी-आर डीव्हीडी फोरम या कंपन्यांच्या गटाच्या छत्राखाली वाढली, तर डीव्हीडी+आर २००२ मध्ये सोनी आणि फिलिप्स ज्यात होते त्या दुसऱ्या गटाकडून आली. लेझरला डिस्कवरील जागा कशी कळते, यात दोघींचा मूळ भेद आहे. मायनसमध्ये त्यासाठी खाचांच्या मधल्या पट्टीवर आधीच बारीक खुणा कोरलेल्या असतात. प्लसमध्ये ती माहिती खाचेच्या नागमोडी वळणांतच भरलेली असते. आजचे बहुतेक बर्नर, म्हणजे डिस्क लिहिणारे ड्राइव्ह, दोन्ही लिहितात, त्यामुळे एरवी या भेदाचा वापरणाऱ्याला त्रास होत नाही. प्रत करताना मात्र एक लहानशी गोष्ट आडवी येते. दोन्ही डिस्कवर ४.७ जीबी असेच छापलेले असले, तरी डीव्हीडी-आरवर ४,७०,७३,१९,८०८ बाइट मावतात आणि डीव्हीडी+आरवर ४,७०,०३,७२,९९२, म्हणजे सुमारे ६९ लाख बाइट कमी. काठोकाठ भरलेल्या डीव्हीडी-आरची इमेज (सगळ्या डिस्कची एकाच फाइलमधली हुबेहूब नक्कल) त्यामुळे प्लस डिस्कवर बसत नाही, आणि अशा डिस्कची तंतोतंत प्रत हवी असेल तर मायनसच घ्यावी लागते. दुहेरी थरात हे गणित उलटते: तेथे प्लसची क्षमता ८,५४,७९,९१,५५२ बाइट असून मायनसची त्यापेक्षा सुमारे ४३ लाख बाइटांनी कमी आहे.

टीव्हीला जोडलेल्या जुन्या प्लेअरचा प्रश्न निघाला की मायनस घ्या, असा सल्ला सर्रास दिला जातो. माझ्याकडच्या सर्वांत जुन्या प्लेअरपुरता तो खराही ठरला, कारण नुसती लिहिलेली प्लस डिस्क त्याने ओळखली नाही. पण बर्नरमध्ये सोय असेल, तर प्लस डिस्कच्या सुरुवातीच्या भागात तिचा प्रकार डीव्हीडी-रॉम (कारखान्यात छापलेली, फक्त वाचता येणारी डिस्क) असा नोंदवता येतो, आणि तसे केल्यावर त्याच प्लेअरने तीच फाइल विनातक्रार चालवली. मायनस डिस्कमध्ये हा प्रकार बदलता येत नाही. बर्नर घेताना ही सोय आहे का, हे पाहून घेणे मला लिहिण्याच्या वेगापेक्षा जास्त महत्त्वाचे वाटते.

दुहेरी थराच्या चित्रपट-स्वरूपातील डिस्कची प्रत करताना पहिला थर कुठे संपतो, हे स्थान मूळ डिस्कप्रमाणेच ठेवणे इष्ट असते. ते भलत्या ठिकाणी आले, तर दृश्य मध्येच अडखळते. डीव्हीडी+आर डीएलवर लिहिण्यापूर्वी हे स्थान सॉफ्टवेअरमधून ठरवता येते आणि माझ्या बर्नरने ते प्रत्येक वेळी पाळले. मायनस डीएलने मला इतकी मोकळीक दिली नाही, शिवाय तिच्या प्रती काही प्लेअरनी नाकारल्या. म्हणून दुहेरी थरासाठी मी आता मायनसचा विचारच करत नाही.

चिन्हापेक्षाही डिस्क कोणी बनवली, याचा परिणाम मला अधिक दिसला. डबीवरचे नाव तेच असूनही आतल्या डिस्कचा उत्पादक वेगळा असू शकतो, आणि तो डिस्कवर नोंदलेल्या सांकेतिक नावावरून सॉफ्टवेअरमध्ये दिसतो. लेखनाचा थर सेंद्रिय रंगद्रव्याचा असतो. एका स्वस्त डबीतल्या डिस्क लिहिल्यावर लगेच व्यवस्थित वाचल्या गेल्या, पण काही महिन्यांनी पुन्हा तपासल्या तेव्हा त्यांच्या बाहेरच्या कडेला वाचनातील चुकांचे प्रमाण लक्षणीय वाढले होते. माहितीच्या सलग आठ ब्लॉकमध्ये (गटांमध्ये) २८० पर्यंतच्या चुका मानकाला मान्य असल्या, तरी चांगली डिस्क या मर्यादेच्या खूप खाली राहते आणि तिच्या चुकांचा आलेख कडेकडे एकदम चढत नाही. १६एक्स (मूळ वेगाच्या सोळापट) छापलेल्या डिस्क मी ८एक्सने लिहितो. याहून खाली उतरल्याने काही साधले नाही, उलट काही डिस्कचे निकाल बिघडले, कारण डिस्क आणि बर्नर यांची जुळणी ठरावीक वेगांसाठीच केलेली असते.

आरडब्ल्यू डिस्क चाचणीपुरत्या उपयोगी आहेत. सुमारे १,००० वेळा पुसून लिहिता येतात, परंतु परावर्तन कमी असल्याने काही प्लेअर त्यांना दाद देत नाहीत. डीव्हीडी-रॅमचे मला खरे कौतुक वाटले. ती सुमारे १ लाख पुनर्लेखने सहन करते आणि खराब जागा वगळून पुढे लिहिते, त्यामुळे सतत बदलणाऱ्या फायलींसाठी तिच्याइतकी भरवशाची दुसरी डिस्क या कुळात नाही. तिचा संथपणा मात्र सोसावा लागतो, आणि टीव्हीजवळचे बहुतेक प्लेअर तिला वाचत नसल्याने डिस्कची प्रत म्हणून ती कोणाला देता येत नाही.

सध्या एकेरी डिस्कसाठी प्लस, काठोकाठ भरलेल्या मूळ डिस्कसाठी मायनस आणि दुहेरी थरासाठी केवळ प्लस डीएल, अशी माझी व्यवस्था आहे. प्रत्येक प्रत, ती लिहिणाऱ्या बर्नरवर न तपासता, दुसऱ्या ड्राइव्हवर पूर्ण वाचून मूळ इमेजशी जुळवल्यानंतरच मी मूळ डिस्क बाजूला ठेवतो.