फ्युरोसेमाइड 40 मिलिग्रॅम: निरोगी मूत्रपिंडापुढे या गोळीचे किती चालते?

हृदयविकार, यकृताचा सिरोसिस किंवा मूत्रपिंडाचा विकार यांमुळे अंगावर सूज आलेल्या रुग्णासाठी फ्युरोसेमाइड हे लघवी वाढवून अंगातले जादा पाणी काढणारे फार मोलाचे औषध आहे, आणि त्या उपयोगाबद्दल मला येथे काहीही उणे लिहायचे नाही. हे परीक्षण वेगळ्या गिऱ्हाइकासाठी आहे. शरीरसौष्ठव स्पर्धेच्या आदल्या दिवशी, वजनी गटात बसण्यासाठी किंवा लग्नाच्या तोंडावर चेहरा बारीक दिसावा म्हणून धडधाकट माणसे हीच गोळी मागतात. औषधाच्या दुकानात काम करताना ही मागणी माझ्या कानावर वारंवार येते, आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती देता येत नाही एवढ्या उत्तराने कोणाचे समाधान होत नाही. गोळी नेमके काय करते आणि तिने केलेले किती टिकते, हे त्यांना कळायला हवे.

वेगाच्या बाबतीत गोळी चोख आहे. ती पोटात गेल्यावर साधारण तासाभरात लघवी वाढते, एक-दोन तासांत जोर सर्वाधिक होतो आणि सहा ते आठ तासांत ओसरतो. निरोगी प्रौढाची मूत्रपिंडे दिवसाला सुमारे 180 लिटर द्रव गाळतात आणि त्यातला 99 टक्के भाग रक्तात परत घेतात. गाळलेल्या सोडियमपैकी जवळपास पाव हिस्सा मूत्रपिंडातल्या सूक्ष्म नलिकेच्या ‘हेनलेचे वळण’ नावाच्या भागात, त्याच्या जाड, वर चढणाऱ्या बाजूला शोषला जातो, आणि फ्युरोसेमाइड तीच वाट अडवते. त्यासाठी ते थेट रक्तातून काम करत नाही. मूत्रपिंडाच्या पेशी त्याला आधी नलिकेत सोडतात आणि तेथे, आतल्या बाजूने, ते सोडियम, पोटॅशियम व क्लोराइड वाहून नेणाऱ्या प्रथिनाला निकामी करते. निरोगी मूत्रपिंड त्याला नलिकेत उत्तम रीतीने पोचवते, म्हणून शिरेतून दिलेल्या 40 मिलिग्रॅममध्येच परिणामाची कमाल गाठली जाते: तीन-चार तासांत तीन ते चार लिटर लघवी. तोंडावाटे घेतलेल्या औषधाचा सरासरी निम्माच भाग रक्तात पोचतो आणि हे प्रमाण माणसागणिक पुष्कळ बदलते. मात्र कमाल गाठल्यावर मात्रा वाढवून लाभ वाढत नाही, अपाय वाढतो.

जोर ओसरल्यावर मूत्रपिंड काय करते, हे पाहिल्याशिवाय या गोळीचे मोल ठरवता येत नाही. ख्रिस्तोफर विल्कॉक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1983 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात निरोगी माणसांना तीन दिवस रोज फ्युरोसेमाइड देण्यात आले. ज्यांच्या आहारात दिवसाला 270 मिलिमोल सोडियम, म्हणजे सुमारे 16 ग्रॅम मीठ होते, त्यांनी पहिल्या सहा तासांत भरपूर सोडियम गमावले. पण उरलेल्या अठरा तासांत मूत्रपिंडांनी लघवीतून जाणारे सोडियम इतके घटवले की चोवीस तासांचा हिशेब जवळजवळ शून्यावर आला. आहारातले मीठ अगदी थोडे ठेवल्यावर तूट भरून निघाली नाही, परंतु पुढच्या मात्रांचा परिणाम उतरत गेला. कारण स्पष्ट आहे: पाणी व मीठ घटताच शरीरात मीठ राखायला लावणारे रेनिन आणि अल्डोस्टेरॉन हे स्राव वाढतात, रक्तदाब सांभाळणारे मज्जातंतू जागे होतात आणि नलिकेचे इतर भाग जास्त सोडियम शोषू लागतात. निरोगी शरीर आपले पाणी राखण्यासाठी हे सगळे करते, आणि ते करण्यातच त्याचे आरोग्य आहे. मला ही रचना अतिशय सुंदर वाटते.

म्हणून लोणचे-पापडासह नेहमीचे जेवण चालू ठेवून ही गोळी घेणाऱ्याच्या पदरी फार तर काही तासांची हलकी कंबर पडते. काट्यावर दिसणारी घट पाण्याची असते. चरबी एक ग्रॅमही जात नाही. त्याबदल्यात पोटॅशियम व मॅग्नेशियम घटते, पायात गोळे येतात, उभे राहताना चक्कर येते, युरिक ॲसिड वाढते, आणि आधीच पाणी तोडून बसलेल्या खेळाडूच्या हृदयाची लय बिघडण्याचा धोका असतो. शिवाय खेळातल्या उत्तेजकविरोधी नियमांनुसार फ्युरोसेमाइडसारख्या मूत्रल, म्हणजे लघवी वाढवणाऱ्या, औषधांवर बंदी आहे. 2003 च्या विश्वचषकापूर्वी शेन वॉर्नने घेतलेली गोळी याच कुळातली, थायाझाइड गटाची होती. तिच्यापायी त्याच्यावर एक वर्षाची बंदी आली.

सर्वांत फसवा भाग गोळी बंद केल्यावर येतो. काही आठवडे रोज घेऊन ती अचानक थांबवली, तर अल्डोस्टेरॉन लगेच खाली येत नाही, मूत्रपिंड मीठ धरूनच ठेवते आणि पूर्वी कधी नव्हती अशी सूज पायांवर व डोळ्यांखाली दिसू लागते. ती पाहून निरोगी माणूस समजतो की आपल्याला या औषधाची गरजच होती, आणि पुन्हा गोळी सुरू करतो. अशा वेळी डॉक्टरांच्या देखरेखीखाली, जेवणातले मीठ कमी ठेवून वाट पाहिली, तर बहुधा दोन-तीन आठवड्यांत ही सूज आपोआप उतरते. हृदयविकाराच्या किंवा मूत्रपिंडाच्या रुग्णाने मात्र हे वाचून स्वतःची गोळी मुळीच थांबवू नये. त्याचा हिशेब वेगळा आहे आणि तो त्याच्या डॉक्टरांनीच मांडायचा आहे.