मनी प्लांट, १४ महिन्यांनंतर: वेल किचनच्या दारापर्यंत नेली आणि मग कापून टाकली

मागच्या वर्षी जुलैत ठाण्यात भाड्याच्या वनबीएचकेत आलो. हॉलला एकच खिडकी, पूर्वेची, समोर लगेच दुसरी बिल्डिंग, म्हणजे ऊन सकाळी जेमतेम तासभर आणि मग दिवसभर नुसता उजेड. माझ्या डोक्यात एकच होतं, टीव्हीच्या वरून वेल सोडायची आणि भिंतीभिंतीने किचनच्या दारापर्यंत न्यायची, फोटोत असते तशी. सगळे म्हणाले मनी प्लांट घे, त्याला काही करावं लागत नाही. हे पहिल्यांदा कोण म्हणालं त्याला मी अजून शोधतेय.

दोन झाडं आणली. एक नर्सरीतून मार्बल क्वीन, पांढऱ्या शिंतोड्यांचं, हँगिंग कुंडीसकट ३५० रुपये. दुसरं साधं हिरवं-पिवळं, शेजारच्या काकूंकडून फुकट, पण काकूंनी ते हातात दिलं नाही, "मी आत चहा टाकते, तू काय ते तोड" म्हणाल्या, कारण मनी प्लांट चोरूनच लावायचा असतो ना! मला हसू आलं, पण नंतर वाचलं की या झाडाला फुलं जवळपास येतच नाहीत, फुलायला लागणारं जिबरेलिन हार्मोन ते पुरेसं बनवूच शकत नाही असं २०१६ च्या एका संशोधनात सापडलं. म्हणजे बी नाही, म्हणजे घराघरातला मनी प्लांट हा कुणाच्या तरी झाडाचा तोडलेला तुकडाच आहे. मूळचा तो तिकडे पॅसिफिकमधल्या मोओरिआ बेटावरचा, तिथून असाच तुकड्या-तुकड्याने काकूंच्या बाल्कनीपर्यंत आला.

आता माझा गाढवपणा. नर्सरीवालं झाड लाल चिकट मातीत होतं आणि मी श्रावणभर रोज त्याला अर्धा तांब्या पाणी घालत होते. पानं पिवळी पडली, मला वाटलं पाणी कमी पडतंय, अजून घातलं. मग कुंडीभोवती बारीक काळी चिलटं उडायला लागली आणि सप्टेंबरात देठ बुडाशी काळा पडला तेव्हा कुठे उपटून बघितलं, मुळं तपकिरी, लिबलिबीत, आणि वास गटाराचा. वरचे तीन तुकडे वाचले, बाकी ३५० रुपये पाण्यात, अगदी शब्दशः.

त्यानंतर माती बदलली. लाल माती एक भाग, कोकोपीट म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा एक भाग, गांडूळखत अर्धा, आणि मूठभर विटेचे बारीक तुकडे. बोट दोन पेरं आत घालून बघायचं, कोरडं लागलं तरच पाणी आणि तेव्हा मात्र खालून निथळेपर्यंत. माझ्याकडे हे पावसाळ्यात ८-१० दिवसांनी येतं, मे महिन्यात ३-४ दिवसांनी. आता तर कुंडी नुसती उचलून वजनावरून कळतं. खत म्हणाल तर मामाने गावाहून एकोणीस-एकोणीस-एकोणीसची (नत्र, स्फुरद, पालाश सारखंच असलेल्या विद्राव्य खताची) पुडी दिलेली, ते लिटरला एक ग्रॅम, तीन आठवड्यांतून एकदा, थंडीत बंद.

काकूंचं झाड या सगळ्यात वेड्यासारखं वाढलं. चिकटवायचे पारदर्शक हुक लावत लावत फेब्रुवारीत ते खरंच किचनच्या दाराला टेकलं, मी टेपने मोजलं, साडेअकरा फूट! स्टेटसला टाकलं, सगळ्यांनी वा वा केलं. मग सासूबाई आल्या, दोन मिनिटं बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "हे शेपूट किती दिवस ठेवणार आहेस गं?"

राग आला पण खरं होतं. सुरुवातीचे पाच फूट नुसती टकली दोरी, मध्ये वीतभर अंतरावर एकेक पान, आणि टोकाची पानं विड्याच्या पानापेक्षाही लहान. लांबी वाढत होती, झाड नाही. झालं असं होतं की वाढणारं टोक मी खिडकीपासून लांब लांब, घरातल्या सगळ्यात अंधाऱ्या कोपऱ्याकडे नेत होते, आणि उजेड कमी पडला की वेलीच्या दोन पेरांमधलं, म्हणजे पानं फुटतात त्या गाठींमधलं, अंतर वाढतं. शिवाय ही वेल लोंबत ठेवली की पान लहान होत जातं, वर चढवली की मोठं. कोकणात मामाच्या आंब्यावर हीच वेल चढलीये, पान सुपाएवढं, कडेने फाटलेलं, मी लहानपणापासून बघतेय आणि ते वेगळंच काहीतरी झाड आहे असं समजत होते.

मार्चमध्ये कात्री घेतली. नवऱ्याने तोंड फिरवलं. प्रत्येक पेराच्या जरा खाली काप, पेरावर जे तपकिरी टोकदार बोंड दिसतं ना तिथूनच मूळ फुटतं, पेर नसलेला तुकडा महिनाभर पाण्यात ठेवलात तरी उपयोग नाही. ११ तुकडे काचेच्या बाटल्यांत खिडकीशी ठेवले, दोन-तीन आठवड्यांत बोटभर मुळं. पाणी मात्र दर ४-५ दिवसांनी पूर्ण बदलायचं, डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ साठलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि पावसाळ्यात पालिकेची माणसं घरात येऊन पहिल्यांदा मनी प्लांटच्या बाटल्याच बघतात. आठ तुकडे त्याच कुंडीत परत लावले, टकल्या बुंध्यालाही दोन फुटवे आले. आता तीन फुटांचा झुपका आहे, खिडकीतच, टीव्हीवर नाही.

कापताना चीक हाताला लागला आणि अळू चिरल्यासारखी खाज सुटली. अळूच्याच कुळातलं आहे हे, तेच सुईसारखे खडे पानात असतात, त्यामुळे घरात मांजर, कुत्रा किंवा सगळं तोंडात घालणारं मूल असेल तर वर टांगा.

मार्बल क्वीनचं पुराण थोडक्यात. वाचलेल्या तीन तुकड्यांपैकी एक शोकेसवर ठेवला होता, त्याची नवी पानं जवळपास हिरवीच आली, कमी उजेडात पांढरा भाग जातो. खिडकीत आणल्यावर थोडे शिंतोडे परत आले, पण वाढ इतकी संथ की मी बघणं सोडून दिलं. वर मे महिन्यात त्यालाच पिठ्या ढेकूण झाला, सॅनिटायझरच्या बोळ्याने पुसला, मग आठवड्याला एकदा कडुनिंबाचं तेल, तीन वेळा.

आणि हो, हवा शुद्ध वगैरे होते म्हणून घेऊ नका. ज्यांच्यावरून हे म्हणतात ते १९८९ चे नासाचे प्रयोग बंद पेटीतले होते, आपल्या घरात खिडकी उघडली की त्याच्या कितीतरी पट काम होतं.

काकूंच्या झाडाला पाचपैकी साडेचार, अर्धा पाण्याच्या बाटल्यांच्या कटकटीचा कापला. मार्बल क्वीनला अडीच, ३५० देऊन परत घेणार नाही. तीन तुकडे अजून बाटलीत आहेत, एक सासूबाईंना हवाय, फक्त तो आपण मागायचा नसतो म्हणून त्या मी आत कधी जाते याची वाट बघतायत.