रेल्वेत रिव्हॉल्वर: सोबत न्यावं की जमा करावं?

रावेरकडचे एक केळीवाले भाऊ विचारत होते, "भुसावळहून सुरतेला लग्नाला जायचंय. परवान्याचं रिव्हॉल्वर शर्टाखाली कमरेला ठेवू, की इथंच जमा करू?"

आधी हद्द बघा. परवाना महाराष्ट्रापुरता असेल, तर तो नवापूरलाच संपतो. त्या स्टेशनाचा अर्धा भाग गुजरातेत आहे! पुढे तेच हत्यार बेकायदा. बऱ्हाणपूरकडे गेलात तर रावेरनंतर मध्य प्रदेश लागतोच. जमा केलं, की हा प्रश्नच उरत नाही.

दुसरं, चोरी. मला हाच मुद्दा सगळ्यांत जड वाटतो. रात्रीच्या गाडीत डोळा लागतो, गर्दीत अंगाला अंग घासतं. पाकीट गेलं तर पैसे जातात. रिव्हॉल्वर गेलं तर ते कुणाच्या हाती पडेल, या विचारानं झोप उडते.

खटाटोप म्हणाल तर जमा करण्यात जास्त: पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे द्यायचं, पावती घ्यायची, परतल्यावर पुन्हा फेरी. विक्रेता भाडंही घेईल. सोबत नेताना मूळ परवाना हवा आणि २०१६च्या शस्त्र नियमांप्रमाणे हत्यार होल्स्टरमध्ये (हत्यारासाठीच्या अंगावर बांधायच्या म्यानात) किंवा पिशवीत हवं.

जिवाला खरा धोका आणि परवाना देशभराचा असेल, तर न्या. लग्नाला चाललात, तर जमाच करा, भाऊ.